तळ्याखालचा सीझियम

मॅनिटोबात जानेवारीचं तळं म्हणजे रस्ता.
बर्फावरून ट्रक जातात. बर्फाखाली पाणी,
पाण्याखाली खडक, खडकात खाण,
आणि खाणीत एकतीस वर्षं माझे वडील,
यालमार ब्यार्नासन,
डोक्यावर अख्खं तळं घेऊन.

मी वर, गावच्या शाळेत रसायन शिकवते.
आज पहिला स्तंभ.
काचेचं पसरट भांडं, चिमटा, गॉगल,
रॉकेलात बुडवलेले तुकडे.
लिथियम तेवढा रॉकेलातही बुडत नाही,
वर येऊन बसतो, आगाऊ.

पाण्यात सोडला. फसफसला, जरा फिरला,
सुस्कारा टाकून संपला.
मागच्या बाकावर जांभई.
त्याचं घर एवढुसं, की केंद्राने कुजबुजावं
आणि दारातल्या इलेक्ट्रॉनला ऐकू जावं.
त्याला सोडवून न्यायचा तर पाचशे वीस मोजा.

सोडियमला चारशे शहाण्णव.
तो गोळा होऊन काठाकाठाने पळाला, चर्र चर्र.
पोटॅशियमला चारशे एकोणीस.
पाण्याला शिवला न शिवला
तोच जांभळी ज्योत, टणकन उडी,
आणि जांभईवाला पोरगा ताठ.

रुबिडियम चारशे तीन, फळ्यावर लिहिते,
सीझियम तीनशे शहात्तर.
खाली जावं तसं एकेक कवच वाढतं,
मधल्यांची गर्दी वाढते,
केंद्राची हाक त्यांच्यातच अडते
आणि कडेला उभा असलेला शेवटचा,
ज्याचं घराशी नातं पत्त्यापुरतं,
कुणी बोलावलं की निघतो.
हे वाक्य मी दरवर्षी म्हणते,
आणि दरवर्षी दोघं-तिघं
खिडकीबाहेरच्या हायवेकडे बघतात.

सीझियम मी पाण्यात टाकत नाही. दाखवते.
बंद काचनळीत, फिकट सोनेरी.
साडेअठ्ठावीस अंशांना वितळतो,
म्हणून हातोहात फिरवते.
बाहेर उणे एकतीस,
आणि पोरांच्या तळव्यांत धातूचं पाणी.

तेवढ्यात रेना गिमंड, जी सहसा काही विचारत नाही,
म्हणाली, मिस, हाच ना तळ्याखाली, ढिगाने?
मामा सांगायचा, छतातून पाणी ठिबकतं.
मग तळं उडत का नाही?

वर्ग हसला नाही.
बऱ्याच जणांचं कुणीतरी खाली होतं.

खणातून दगड काढला,
वडिलांनी कधीतरी जेवणाच्या डब्यातून आणलेला,
गारगोटीसारखा, कुणी उचलणार नाही असा.
म्हटलं, यात सीझियम आहे, खच्चून.
नळाखाली धरला.
ओला झाला. बस.

कारण याने केव्हाच देऊन टाकलाय.
हा खडक अजून रसरशीत होता
तेव्हा ऑक्सिजनने मागितला, याने दिला,
आणि देऊन मोकळा झाला.
आता पाणी कितीही शेजारी झोपू दे.
पेटतो तो काचनळीतला,
ज्याच्या हातात आपण
दिलेलं बळजबरीने परत कोंबलंय.

रेनाने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं.
घंटा झाली.

रविवारी मी वडिलांबरोबर तळ्यावर जाते.
ते बर्फाला भोक पाडतात, गळ सोडतात,
बादलीवर बसतात, हातमोजे काढून,
तळवे वर.
ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून विचारलं:
खाली असताना भीती नाही वाटायची?

त्यांनी भोकातल्या काळ्या पाण्याकडे पाहिलं.
दोरी जरा हलली, थांबली.
म्हणाले, वरून जास्त वाटते.